मूर्तीकडून शिळेकडे : ग्रीक प्रेमदेवतांच्या ठिकाणांचे सात दिवस

या मार्गावर प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी किंवा प्रेमाचा देव इरॉस यांचं उभं देऊळ एकही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कातळात खोदलेले कोनाडे, गुडघाभर उंचीचे चौथरे, एक वेदी, शेतांखाली गेलेलं एक शहर आणि संग्रहालयात ठेवलेला एक काळपट दगड, एवढाच ऐवज. खांबांच्या रांगा बघायच्या असतील तर अथेन्सचं पार्थेनॉन देऊळ आहेच. पण प्रेमाच्या देवतांकडे ग्रीक लोक नेमकं काय मागत होते आणि कोणत्या तिथीला काय वाहत होते, ते या पडक्या जागांवरच कळतं. तिथला इरॉस म्हणजे भेटकार्डावरचं पंखवालं बाळ नव्हे, आणि तिथली ॲफ्रोडायटीही केवळ संगमरवरी सुंदरी नव्हे.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी. पहिली व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. सायप्रस युरोपीय संघात असलं तरी शेंगेनमध्ये यायची त्याची तयारी अजून चालू आहे. तोवर एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन सायप्रसला गेलात तर अथेन्सला परत येता येणार नाही. म्हणून दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि सायप्रसचा चालू नियम त्यांच्या दूतावासाकडून तपासून घ्या. दुसरी गोष्ट गाडीची. पाचव्या दिवसापासून स्वतःची गाडी लागते, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा. तिसरी हंगामाची. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे उत्तम. जुलै-ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी भर दुपारी बंद ठेवतात, आणि इथल्या बहुतेक जागांवर सावलीचं नाव नाही. फक्त ऑर्थोडॉक्स ईस्टर आणि १ मे या तारखा टाळा. त्या दिवशी दारं बंद असतात.

दिवस पहिला : अथेन्स, अगोरा

मोनास्तिराकी स्टेशनवर उतरून आद्रियानू रस्त्याने पश्चिमेकडे चालत जायचं. डाव्या हाताला अगोराचं, म्हणजे प्राचीन बाजारचौकाचं, मोठं आवार दिसतं आणि सगळे पर्यटक तिकडे वळतात. आपल्याला हवी असलेली पहिली जागा मात्र उजव्या हाताला आहे. मेट्रोच्या रुळांनी अगोरा मधोमध कापली गेली आहे. रुळांच्या उत्तरेला उपाहारगृहांच्या टेबलांना लागून एक खोल खड्डा आहे, कुंपण घातलेला. त्यात पांढऱ्या संगमरवराची एक लांबट वेदी दिसते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन उत्खननकारांना ती सापडली. काळ इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. ही ॲफ्रोडायटी उरानियाची, म्हणजे स्वर्गीय ॲफ्रोडायटीची वेदी असं बहुतेक अभ्यासक मानतात. आत जाता येत नाही. कुंपणावरून वाकून बघायचं. सकाळी कॅफेच्या छत्र्या उघडण्याआधी गेलात तर पूर्ण दिसते, दुपारी अर्धी झाकलेली असते.

वेदीत राखेबरोबर जळकी हाडं मिळाली. त्यात शेळ्या-मेंढ्यांची सर्वात जास्त, काही पक्ष्यांची, आणि त्यांत कबुतराचीही आहेत. कबुतर हा या देवीचा पक्षी. या सात दिवसांत तो जागोजागी भेटतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरून बारीकसारीक नोंदी करणारा पौसानियस इथे आला होता. तो सांगतो की अथेन्समध्ये उरानियाची पूजा एगियस राजाने सुरू केली, कारण त्याला मूलबाळ होत नव्हतं आणि ते देवीच्या कोपामुळे असं त्याला वाटत होतं. ही पूजा मूळची अश्शूरी लोकांची, त्यांच्याकडून सायप्रसच्या पाफोसला आणि फिनिशियनांकडे गेली, असंही तो लिहितो. म्हणजे ही देवी बाहेरून आलेली आहे हे ग्रीकांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

मग रूळ ओलांडून अगोरात शिरा. टेकाडावर हेफेस्टॉसचं देऊळ जवळजवळ छपरासकट उभं आहे. 'ओडिसी'त हा लोहार-देव ॲफ्रोडायटीचा नवरा; बायको आणि युद्धदेव एरीस यांना त्याने न दिसणाऱ्या जाळ्यात पकडून सगळ्या देवांना बोलावून दाखवलं होतं. नवऱ्याचं देऊळ ग्रीसमधल्या सर्वात सुस्थितीतल्या देवळांपैकी आणि बायकोची वेदी उपाहारगृहामागच्या खड्ड्यात. होमरने रचलं असतं तर याहून वेगळं रचलं नसतं.

याच शहरात अँटेरॉसचीही एक वेदी होती. आज तिचा मागमूस नाही, पण हकिगत सांगण्यासारखी आहे. टिमागोरास नावाचा परदेशी रहिवासी मेलेस नावाच्या अथेनियन तरुणावर भाळला. मेलेसने त्याला झिडकारलं आणि कड्याच्या टोकावरून उडी मार म्हणाला. टिमागोरासने ती मारली. पश्चात्तापाने मेलेसनेही त्याच जागेवरून जीव दिला. तेव्हापासून शहरातले परदेशी रहिवासी अँटेरॉसची पूजा करू लागले: प्रेमाला प्रेमाने उत्तर न देणाऱ्याला शिक्षा करणारा देव. इरॉस माणसाला लागतो, अँटेरॉस हिशोब चुकता करतो.

दिवस दुसरा : अक्रोपोलिस

तिकीट सध्या ३० युरोचं आहे आणि वेळेचा गाळा ठरवून ऑनलाइन घ्यावं लागतं. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. पूर्वीचं सात जागांचं एकत्रित तिकीट आता मिळत नाही. पहिला गाळा घ्या आणि पश्चिमेच्या मुख्य दारानेच आत जा. क्रम चुकला तर दिवस वाया जातो: एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत, आणि आपल्याला हवं असलेलं ठिकाण उताराच्या पायवाटेवर आहे. आधी माथा, मग उत्तर उतार, शेवटी आग्नेय दाराने बाहेर. तिथून संग्रहालय समोरच आहे.

ब्यूले दरवाजाजवळ संगमरवरी पट्टीचे तुकडे मांडलेले आहेत. गर्दी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. थांबून बघा: चोचीत गाठी मारलेल्या फिती धरलेली कबुतरं, एकामागे एक. हे ॲफ्रोडायटी पांडेमॉसच्या छोट्या देवळाचे अवशेष, इ.स.पू. चौथ्या शतकातले. हे देऊळ नैऋत्य उतारावर होतं. पांडेमॉस म्हणजे सगळ्या लोकांची. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये एक वक्ता उरानियाला उच्च प्रेमाची आणि पांडेमॉसला बाजारू वासनेची देवी ठरवतो, आणि ती फोड पुढे दोन हजार वर्षं चालली. प्रत्यक्ष पूजेत तसं काही दिसत नाही. पौराणिक राजा थीसियसने गावोगावच्या लोकांना एका शहरात आणलं तेव्हा पांडेमॉस आणि पीथो या दोघींची पूजा सुरू केली, असं पौसानियस सांगतो. पीथो ही मन वळवण्याची देवी. प्रियकरालाही ती लागते आणि सभेत भाषण करणाऱ्यालाही. भांडणाऱ्या गावांना एकत्र नांदवणं हेच तिचं मुख्य काम. नंतरच्या लेखकांनी मात्र वेगळीच गोष्ट पसरवली: अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने वेश्यागृहांच्या मिळकतीतून हे देऊळ बांधलं म्हणे.

या देवळाचा एक सरकारी शिलालेख उपलब्ध आहे, इ.स.पू. २८० च्या सुमाराचा. मिरवणुकीआधी शहराच्या देखभाल-अधिकाऱ्यांनी काय करायचं याची त्यात यादीच आहे: देवस्थानाच्या शुद्धीसाठी एक कबुतर, वेदी लिंपून घेणं, डांबराचा हात फिरवणं, मूर्तींना स्नान आणि दोन द्राख्मा वजनाचा जांभळा रंग. दोन द्राख्मा म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम. समुद्री गोगलगायींपासून काढलेला हा रंग इतका महाग होता की खर्चाच्या कागदावर वजन लिहून ठेवावं लागे.

माथा उरकून खाली या आणि दाराबाहेर न पडता उजवीकडच्या, उत्तर उताराच्या पायवाटेला लागा. हिचं प्राचीन नाव पेरिपातोस. अपोलोची आणि पॅनची गुहा मागे टाकत पूर्वेकडे गेलं की उभ्या कातळात लहान-मोठे कोनाडे दिसू लागतात, काही चौकोनी, काही वरून गोलसर. हेच ॲफ्रोडायटी आणि इरॉसचं उघड्यावरचं देवस्थान. पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांनी ते १९३१ मध्ये शोधलं. ओळख पटली ती कातळावरच्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या दोन लेखांवरून. त्यातला एक जवळजवळ पंचांगासारखा आहे: इरॉसचा उत्सव मुनिखिऑन महिन्याच्या चतुर्थीला. मुनिखिऑन म्हणजे साधारण एप्रिल. चतुर्थी ही ॲफ्रोडायटीची तिथी. अक्षरं उथळ आहेत आणि दुपारच्या सपाट उजेडात सापडत नाहीत. सकाळी तिरपं ऊन येतं तेव्हा खाचांत सावली भरते. दोरीच्या पलीकडे जाऊ नका. लहान दुर्बीण असेल तर काम भागतं.

कोनाडे रिकामे का, असा प्रश्न पडतोच. त्यात संगमरवरी फलक, मूर्ती, दगडी लिंगं असे नवस बसवलेले असत. ते पडले, पुरले गेले, काही संग्रहालयात गेले. उरल्या त्या बसवण्याच्या खाचा. कोनाड्याच्या तळाशी आणि कडांना त्या नीट दिसतात, आणि वाहिलेल्या वस्तूचा आकार त्यावरून ताडता येतो.

याच कड्यावर आणखी एक विधी घडे. सात ते अकरा वर्षांच्या दोन मुली, आर्हेफोरॉय, वर्षभर माथ्यावर अथीनाच्या सेवेत राहत. एका रात्री पुजारीण त्यांच्या डोक्यावर काहीतरी ठेवी. काय ते तिलाही ठाऊक नाही, मुलींनाही नाही. बागेतल्या ॲफ्रोडायटीच्या आवाराजवळून जाणाऱ्या भुयारी वाटेने त्या खाली उतरत, ते ओझं ठेवत आणि दुसरं झाकलेलं काही घेऊन वर येत. ब्रोनीर यांनी ती जागा हीच मानली. बागेतली ॲफ्रोडायटी इलिसोस नदीकाठची, असं म्हणणारेही आहेत. वाद मिटलेला नाही, पण कुमारिकांच्या देवीच्या अंगणातून वयात येणाऱ्या मुलींनी प्रेमदेवीच्या वाटेने उतरायचं, ही रचना बोलकी आहे.

अक्रोपोलिस संग्रहालयाचं तिकीट वेगळं. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या पट्टीत देवांची बैठक शोधा. मधाळ रंगाचा तो मूळ दगड, पांढराफट्ट तो प्लास्टरचा ठसा. पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस मूळ आहेत. शेजारी ॲफ्रोडायटीच्या गुडघ्याशी रेललेला, हातात छत्री धरलेला इरॉस मुख्यतः जुन्या ठशावरूनच माहीत आहे. इथला इरॉस अंगाने भरत आलेला मुलगा आहे. त्याआधीच्या भांड्यांवर तर तो सरळ तरुण दिसतो. बाळ झाला तो पुढे, हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळात.

दिवस तिसरा : राष्ट्रीय संग्रहालय आणि दाफ्नी

मंगळवारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय दुपारी उघडतं. हा दिवस मंगळवारी आला तर क्रम उलटा करा. आत इतकं आहे की प्रेमदेवतांपुरतं ठरवूनच जावं. डेलॉस बेटावर १९०४ मध्ये सापडलेला ॲफ्रोडायटी, पॅन आणि इरॉसचा समूह चुकवू नका. बकऱ्याच्या पायांचा पॅन देवीला ओढतोय, तिने एका पायातली चप्पल काढून मारायला उगारली आहे, आणि मधे उडणारा इरॉस पॅनचं शिंग धरून त्याला मागे रेटतोय. काळ इ.स.पू. १०० च्या सुमाराचा. गंमत तळाच्या लेखात आहे: बैरूतच्या डायोनिसिऑस नावाच्या व्यापाऱ्याने तो आपल्या पूर्वजांच्या देवांना अर्पण केला. सिरियाच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ॲफ्रोडायटी परकी वाटत नव्हती. घरी ती अस्टार्टे होती. देवीच्या चेहऱ्यावर राग नाही, हसू आहे, आणि चप्पल लागेल असंही वाटत नाही.

दुपारी एलेफ्सिनाकडे जाणाऱ्या बसने दाफ्नी. मठाच्या पुढे हमरस्त्याला लागूनच कातळात कोनाड्यांची रांग आहे. इथेही ॲफ्रोडायटीच होती, एल्युसिसच्या (आजच्या एलेफ्सिनाच्या) पवित्र मार्गावर. पौसानियसला तिच्यासमोरची अनघड दगडांची भिंत लक्षात राहिली. इथून संगमरवरी कबुतरं निघाली. ट्रकांचा आवाज इतका की अर्ध्या तासाहून जास्त कोणी थांबत नाही, आणि थांबायची गरजही नाही.

दिवस चौथा : कोरिंथ

अथेन्सहून कोरिंथला उपनगरी रेल्वे आहे. स्टेशन नव्या शहराच्याही बाहेर पडतं. तिथून प्राचीन कोरिंथ आणि पुढे आक्रोकोरिंथचा डोंगर, यासाठी टॅक्सी ठरवावी, आणि परत न्यायला कधी यायचं तेही त्याच वेळी. वाटेत मेगारा लागतं. तिथे ॲफ्रोडायटीच्या देवळात शिल्पकार स्कोपासने इरॉस, हिमेरॉस आणि पोथॉस असे तीन पुतळे घडवले होते. हिमेरॉस म्हणजे समोर असलेल्याची अनावर ओढ, पोथॉस म्हणजे दूर गेलेल्यासाठी जीव झुरणं. खरंच तिघांची कामंही तितकी वेगळी असतील का, असा प्रश्न पौसानियसलाही पडला होता. आता तिथे बघण्यासारखं काही नाही. गाडीतून न उतरता पुढे जा.

आक्रोकोरिंथ ५७५ मीटर उंच. टॅक्सी पहिल्या दरवाजापर्यंत जाते. पुढे एकामागून एक तीन दरवाजे आणि मग माथ्यापर्यंत पायवाट. सह्याद्रीतले गड चढणाऱ्याला चढ किरकोळ वाटेल, पण दरवाजांतली फरसबंदी घासून गुळगुळीत झाली आहे आणि उतरताना पाय हमखास सटकतो. रबरी खाचांचे बूट, माणशी दीड लिटर पाणी, टोपी. वर दुकान नाही. हिवाळ्यात दार दुपारी लवकर लावतात. पोचायला उशीर झाला की पहिल्या दरवाजावरूनच परत.

माथ्यावर ॲफ्रोडायटीच्या देवळाचा पाया आहे, तोही तुटक. कारण साधं आहे: त्याच जागी आधी चर्च झालं, मग मशीद, आणि प्रत्येकाने आधीचे दगड वापरले. इथे उभं राहिलं की प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबोचं ते प्रसिद्ध वाक्य तपासता येतं. एके काळी या देवळाकडे हजाराहून अधिक देवदासी होत्या आणि त्यांच्यामुळे शहर श्रीमंत झालं, असं तो लिहितो. जागा बघा. एवढ्याशा सपाटीवर, बंदरापासून इतक्या चढावर, खलाशी येणार कसे? स्ट्रॅबोने स्वतः पाहिलं तेव्हा वर फक्त छोटं देऊळ होतं, आणि जुनं कोरिंथ तर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्येच बेचिराख केलं होतं. त्याचा आकडा ऐकीव होता. इ.स.पू. ४६४ मध्ये ऑलिंपिक जिंकलेल्या कोरिंथच्या झेनोफॉनने देवीला स्त्रिया अर्पण केल्याचं पिंडारच्या कवितेत येतं. पण त्या देवळात राहून धंदा करत होत्या असं त्यातून निघत नाही. आजचे बरेच अभ्यासक पवित्र वेश्याव्यवसायाची ही कथाच संशयास्पद मानतात. मार्गदर्शक मात्र ती अजून रंगवून सांगतात.

इथली ॲफ्रोडायटी सशस्त्र होती. रोमन काळच्या नाण्यांवर ती ढाल धरून उभी आहे आणि त्या ढालीत स्वतःचं रूप न्याहाळते आहे. शेजारी सूर्य, आणि धनुष्य घेतलेला इरॉस. दोन समुद्रांवर नजर ठेवणाऱ्या गडाच्या देवीला ढाल शोभतेच.

दिवस पाचवा : थेस्पियाई

आजच्या दिवशी गाडी हवी. अथेन्सहून थीब्स आणि तिथून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर थेस्पिएस गाव. बस आहेत, पण दिवसात परत येणं त्यांच्या भरवशावर ठेवू नये. रोमन वक्ता सिसरोने लिहून ठेवलंय की लोक थेस्पियाईला जातात ते तिथला इरॉस बघायला. जायला दुसरं काही कारणच नाही. आता तो इरॉसही नाही. तरीही सात दिवसांतला हा सर्वात महत्त्वाचा थांबा आहे.

प्राचीन शहर गावाच्या खालच्या शेतांत होतं. नकाशावर खूण असली तरी पाटी, तिकीटघर, कुंपण यातलं काही मिळेल ही अपेक्षा नको. दिसतात ती गव्हाची शेतं आणि बांधाला लावलेले कोरीव दगड. उशिराच्या रोमन काळातली तटबंदी १९व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच उत्खननकारांनी उकलली, कारण तिच्यात जुने शिलालेख दगड म्हणून वापरलेले होते. लेख मिळाले, तट गेला. उभ्या पिकात शिरू नका. कापणीनंतर किंवा कडेच्या मातीच्या रस्त्यावरूनच फिरा. पावसानंतर ही माती बुटांना चिकटून जड होते आणि छोटी गाडी रुतते.

या लोकांनी सगळ्या देवांत इरॉसला पहिलं स्थान दिलं होतं. त्याची सर्वात जुनी प्रतिमा म्हणजे न घडवलेला दगड, आपल्याकडच्या तांदळ्यासारखा. पुढे प्रख्यात शिल्पकार प्राक्सिटेलिसचा संगमरवरी इरॉस आला. त्याची गोष्ट अशी: थेस्पियाईचीच फ्रिनी ही प्राक्सिटेलिसची प्रेयसी. त्याने तिला आपलं सर्वोत्तम शिल्प देऊ केलं, पण सर्वोत्तम कोणतं ते सांगेना. तिने एका नोकराला धावत पाठवलं: कारखान्याला आग लागली. प्राक्सिटेलिस ओरडला, सॅटिर (रानदेव) आणि इरॉस गेले तर माझं सगळं गेलं. फ्रिनीने इरॉस मागितला आणि आपल्या गावाच्या देवाला वाहिला. पुढे रोमन सम्राट कॅलिग्युलाने तो रोमला नेला, क्लॉडियसने परत पाठवला, नीरोने पुन्हा नेला. पौसानियसने पाहिली ती अथेन्सच्या मेनोडोरसने केलेली नक्कल. मूर्ती अशी ये-जा करत राहिली. दगडाला कोणी हात लावला नाही, कारण अनघड दगड लुटून न्यावा असं कुणाला वाटणार?

दर चार वर्षांनी इथे इरोटिडिया भरे: संगीताच्या आणि मैदानी स्पर्धा. देवाकडे लोक काय घेऊन येत याचा एक जवळून दिसणारा नमुना ग्रीक लेखक प्लुटार्कच्या लेखनात आहे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि दोन्हीकडच्या व्याह्यांत वाद पेटला होता. म्हणून तो नव्या बायकोला घेऊन थेस्पियाईला आला. नवस तिचा होता, बळीही तिनेच दिला. प्रेमाच्या देवाकडे आलेला हा अर्ज विरहाचा नाही, सासर-माहेरच्या भांडणाचा आहे. सम्राट हेड्रियनने याच देवाला आपण मारलेलं अस्वल वाहिलं आणि बदल्यात ॲफ्रोडायटीच्या कृपेची झुळूक मागितली.

इथून हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याकडे थोडं अंतर गेलं की आस्क्री गाव आणि त्यापलीकडे टेकडीवर एक बुरूज दिसतो. त्या परिसरात प्राचीन आस्क्रा होतं, आद्य ग्रीक कवी हेसिअडचं गाव. हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात छळवादी, कधीच धड नाही, असं त्याचं स्वतःचं मत. त्याच्या 'थिऑगनी'त इरॉस कुणाचा मुलगा नाही. आधी केऑस (आदिम पोकळी), मग पृथ्वी आणि टार्टरस (पाताळ), आणि त्यांच्याबरोबर इरॉस, अंगातलं बळ काढून घेणारा. ॲफ्रोडायटी तर पुढे जन्मते, आकाशदेव उरानॉसच्या कापलेल्या अवयवाभोवतीच्या फेसातून. तेव्हा इरॉस आणि हिमेरॉस तिच्यामागे चालत जातात. आस्क्रा थेस्पियाईच्या हद्दीत होतं. आई-बाप नसलेला आदिदेव आणि हातपाय नसलेला दगड एकाच तालुक्यातले निघावेत, हा निव्वळ योगायोग नसावा.

जेवण गावातल्याच खानावळीत. शाकाहारी असाल तर फावा (डाळीचा घोटा), गिगांतेस (मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी) किंवा होर्ता (उकडलेली पालेभाजी) मागा. तिन्ही एप्रिलमध्ये मिळतात. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तर पर्याय वाढतात.

दिवस सहावा : सायप्रस, आमाथूस

अथेन्स ते लार्नाका विमानाने पावणेदोन तासांच्या आसपास. सायप्रसमध्ये गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला हात बसलेला असतो. पाफोसच्या वाटेवर लिमासोलच्या अलीकडे समुद्राला लागून आमाथूस आहे. खालच्या अगोरात वेळ घालवू नका; वर टेकडीवर जा. देवीच्या आवारात दोन प्रचंड दगडी रांजण होते. एक सुमारे १४ टनांचा, १८६६ पासून पॅरिसच्या लूव्रमध्ये. दुसऱ्याचे तुकडे जागेवर आहेत. सायप्रसमध्ये देवीची एक दाढीवाली प्रतिमाही होती, स्त्रीवेशातली आणि पुरुषी अंगाची. तिला ॲफ्रोडिटॉस म्हणत. तिच्या पूजेत पुरुष स्त्रीवेशात आणि स्त्रिया पुरुषवेशात येत, असं रोमन लेखक मॅक्रोबियस जुन्या लेखकाच्या हवाल्याने सांगतो.

दिवस सातवा : कूक्लिया आणि पेत्रा तू रोमिऊ

पाफोस शहरातली मोझेक सुंदर आहेत, पण ॲफ्रोडायटीचं पाफोस ते नव्हे. जुनं पाफोस पूर्वेला, कूक्लिया गावात. स्ट्रॅबोच्या काळी नव्या पाफोसहून स्त्री-पुरुष दरवर्षी ६० स्टेड (सुमारे ११ किलोमीटर) चालत मिरवणुकीने इथे येत. गाडीने वीसेक मिनिटं.

इथेही बहुतेकांची निराशा होते, कारण ते ग्रीक खांब शोधतात. तसं ग्रीक पद्धतीचं देऊळ इथे कधीच नव्हतं. इ.स.पू. १२०० च्या सुमाराला बांधलेलं हे उघडं आवार, एका बाजूला खांबांचा मंडप. त्या पहिल्या बांधणीचे माणसाहून उंच चुनखडीचे दगड अजून उभे आहेत, मोठाल्या भोकांसकट. रोमन काळात शेजारी दुसरं आवार झालं. मध्ययुगात इथे उसाचा कारखाना चालला आणि दगड त्यात गेले. इथले राजेच पुजारी असत, आणि त्यांच्या जुन्या लेखांत देवीला ॲफ्रोडायटी म्हणत नाहीत. ती वानस्सा, म्हणजे राणीसाहेब.

आवारालगतच्या लुझिन्यां (मध्ययुगीन फ्रेंच राजघराण्याच्या) वाड्यात संग्रहालय आहे. तिथे तो दगड: गडद, हिरवट-राखी, वर निमुळता होत गेलेला, सव्वा मीटरच्या आसपास. पूजेतली शिळा हीच असं मानतात, आणि रोमन नाण्यांवर देवळाच्या मधोमध तोच आकार कोरलेला दिसतो. जवळून पाहिलं तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे, पण समान नाही. इसवी सन ६९ मध्ये पुढे रोमन सम्राट झालेला टायटस इथे आला, तेव्हाचं वर्णन इतिहासकार टॅसिटसने दिलंय: मूर्ती मनुष्यरूपात नाही, खाली रुंद आणि वर चिंचोळी, कारण अज्ञात. वेदीवर रक्त सांडायचं नाही. तिथे फक्त प्रार्थना आणि अग्नी. ती उघड्यावर असूनही पावसाने भिजत नाही. बळी नराचाच, आणि कौलासाठी करडाची आतडी सर्वात भरवशाची. टायटसने आधी समुद्रप्रवास सुखरूप होईल का ते विचारलं आणि मग आडून आडून स्वतःच्या भविष्याचं. समुद्राचं विचारणं अगदी रास्त होतं. खलाशांची ही देवी होतीच. दीक्षा घेणाऱ्यांना इथे मिठाचा खडा आणि एक लिंग देत, ते देवीला नाणं देत, अशी नोंद क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने नाक मुरडत केली आहे.

तिथून दहाएक किलोमीटरवर पेत्रा तू रोमिऊ, फेसातून देवी किनाऱ्याला लागली ती जागा म्हणून पोस्टकार्डांवर असते. नावातला 'रोमिओस' मात्र डिगेनिस हा बायझंटाइन वीर आहे आणि हेसिअडने सायप्रस म्हटलं, खडक दाखवला नाही. गाडी डोंगराच्या बाजूच्या वाहनतळावर लावून रस्त्याखालच्या भुयाराने किनाऱ्यावर उतरा; हमरस्ता पायी ओलांडू नका. वाळू नाही, गोटे आहेत, चपलेने चालता येत नाही. खडकाला पोहत फेरी मारली की प्रेम मिळतं म्हणतात, पण पाण्याला आतली ओढ आहे आणि खडकाच्या मागे लाटा आपटतात. वारा असेल त्या दिवशी गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. पोलिस नावाच्या गावाजवळचं ॲफ्रोडायटीचं स्नानकुंड म्हणजे अंजिराच्या झाडाखालचं छोटं डबकं, उतरायला मनाई. विमान संध्याकाळचं असेल तर ते गाळून तो वेळ कूक्लियालाच द्या.